रोहेलियोला मी विसरले नाही

मित्रांनो, तुमच्या डब्यातली पोळी जिच्यात गुंडाळलेली असते ती फॉइल माझी लांबची बहीण. ती पोळी गरम ठेवते, मी घर थंड ठेवते. तिला लोक दुपारी चुरगाळून फेकून देतात. मला मात्र वर्षानुवर्षे पोटमाळ्यात राहायचे असते, आणि अंधारात राहणाऱ्यांची स्मरणशक्ती चांगली असते. म्हणून रोहेलियो उरेस्तीचे नाव मी अजून विसरलेले नाही.

कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमचा तलम पापुद्रा दोऱ्यांच्या जाळीवर चिकटवून मला घडवले. दमट हवा कोंडू नये म्हणून अंगभर टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडली. मग लांबलचक गुंडाळी करून मला टेक्ससच्या सीमेवरच्या डेल रियो गावी पाठवले. तिथल्या दुकानात मी एका कोपऱ्यात उभी होते. येणारेजाणारे माझ्यात बघून केस नीट करत आणि पुढे जात.

हिवाळ्यात ऑरेलिया सालिनास आली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिने केस नीट केले नाहीत. दुकानदाराला विचारले, "ही छपराखाली लावली तर खालच्या खोलीत खरंच फरक पडतो? की नुसत्या गप्पा?"

"कौलांची धग ही खाली उतरू देत नाही, बाई. मात्र धूळ बसू देऊ नका."

ऑरेलियाची थोरली बहीण नेल्डा हिला नसांचा आजार होता. थंडीत ती भिंतीला हात न लावता चाले. उन्हाळा सुरू झाला की तिचे पाय तिचे ऐकेनासे होत. त्या दोघी भाड्याने राहत त्या घराच्या छपरावर काळी डांबरी कौले होती. दुपारी ती तापत, त्यांची धग पोटमाळ्यातून सरळ खाली उतरे आणि खिडकीतला कूलर नुसता घरघरत राही. अशा वेळी पलंगापासून स्वयंपाकघर नेल्डाला परगावाएवढे लांब वाटे.

घरमालक म्हणून भाडे न्यायला येई तो रोहेलियो. ऑरेलियाने त्याची परवानगी मागितली, तेव्हा तो पोट धरून हसला.

"छपराला चांदीचा मुलामा? तू काय बिशपला राहायला बोलावणार आहेस?"

"बहिणीसाठी लावतेय. खर्च माझा, मेहनतही माझी."

"लाव बाई, लाव. आणि जाशील तेव्हा तुझी चांदी तुझ्याबरोबर ने. मला नको तो कचरा."

कचरा. मित्रांनो, हा शब्द मी तेव्हाच मनात ठेवला.

थंडीच्या दिवसांतच कामाला सुरुवात झाली. ऑरेलिया वर पोटमाळ्यात रांगत होती आणि नेल्डा खाली शिडी धरून मला थोडी थोडी वर सरकवत होती. एका वाशापासून दुसऱ्या वाशापर्यंत ऑरेलिया मला पिनांनी ठोकत गेली. माझी चकचकीत बाजू तिने खाली ठेवली, आणि माझ्यापुढे हवेला मोकळी जागा सोडली. ती जागा नसेल तर मी काहीच करू शकत नाही. नुसती तापते.

"छपराचा खिळा डोक्यात घुसला गं!" वरून आवाज आला.

"किती आत?"

"थोडासाच."

"मग ठीक आहे. तुझ्या डोक्यात जागा भरपूर आहे."

दोघी इतक्या हसल्या की शिडी हलायला लागली.

मग उन्हाळा आला. वर कौले तव्यासारखी तापली, आणि मी माझे काम केले. एका दुपारी ऑरेलिया कामावरून परतली, तर नेल्डा ओट्याशी उभी. बसलेली नव्हे, उभी. गव्हाच्या तोर्तिया लाटत होती आणि रेडिओबरोबर गात होती. ऑरेलियाने पिशवी खाली ठेवली आणि ती दारातच तोंडाला रुमाल लावून रडली. नेल्डा म्हणाली, "रडतेस काय? बीन्स करपतील, बघ तिकडे." माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात मोठे कौतुक. माझे नाव कोणी घेतले नाही, तरी ते माझेच होते.

पुढच्या महिन्यात रोहेलियो आला. आत पाऊल टाकताच थबकला. टोपी काढली, खुर्ची ओढली, कलिंगडाचे सरबत मागून घेतले आणि कितीतरी वेळ छताकडे बघत बसला. उठताना म्हणाला, "ऑरेलिया, माझ्या आईला उन्हाचा फार त्रास होतो. ती इथे राहायला येतेय. महिनाअखेरीला घर रिकामं कर."

"आणि नेल्डा? हिला कुठे नेऊ मी या उन्हात?"

"ते तुझं तू बघ."

निघायच्या दिवशी भर दुपारी तो दारात किल्ली फिरवत उभा राहिला. सामान गाडीत चढले. मग ऑरेलियाने शिडी लावली.

"आता वर कशाला?"

"माझी चांदी न्यायला. तूच म्हणाला होतास, कचरा नको."

तो काही बोलायच्या आत ती वर आली आणि एकेक पिन उपसू लागली. घाईत माझा एक कोपरा टर्रकन फाटला. मला वेदना झाल्या असे म्हणणार नाही. मला आनंद झाला. जाता जाता मी वरच्या कौलांना आणि त्यांच्यावरच्या उन्हाला म्हणाले, आता हे घर तुमचे. कसर सोडू नका.

बहिणी गावाबाहेर चाकांवरच्या पत्र्याच्या घरात राहायला गेल्या. तिथे पोटमाळाच नव्हता. मला गुंडाळून पलंगाखाली सारले. तिथून मला नेल्डाचे पाय दिसायचे. आधी ते जड झाले, मग ओढत चालू लागले. एक दिवस न्हाणीघराकडे जाताना ती कोसळली. हनुवटी फुटली. रक्ताचा थेंब माझ्यापर्यंत आला. मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या मनात रोहेलियोवाचून दुसरे काही राहिले नाही.

जुलैमध्ये तो स्वतःच आला. पिकअपमध्ये त्याची म्हातारी आई होती. गावात सगळे तिला आदराने डोन्या चोना म्हणत.

"चोर!" त्याने दारातूनच ओरडायला सुरुवात केली. "माझ्या घराचं छत चोरून आणलंस! आई तिथे भट्टीत शिजतेय. ती फॉइल दे, नाहीतर पोलिसांना बोलावतो."

"बोलाव ना. त्यांनाही सांग, कचरा कोण म्हणालं होतं ते."

तेवढ्यात पिकअपचे दार उघडले. डोन्या चोना काठी टेकत उतरली.

"ममा, तुम्ही गाडीत बसा. ऊन आहे."

"उन्हात तर तूच ठेवलंयस मला." तिने नेल्डाच्या हनुवटीवरची पट्टी पाहिली. "मिहा, माझ्या पोरी, हे कसं लागलं?"

नेल्डाने सांगितले. काही वाढवले नाही, काही लपवले नाही. म्हातारी ऐकत गेली आणि तिचा चेहरा लाल होत गेला, तो काही उन्हाने नव्हे.

"तू मला म्हणालास, भाडेकरू आपणहून गेले. म्हणालास, ममा, तुमच्यासाठी मी स्वतः छप्पर बांधून घेतलंय."

"ममा, मी तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी? माझं नदीकाठचं घर रिकामं करून विकायला काढायचं होतं तुला. आणि ज्या घरातून या पोरींना हाकललंस ते घर कुणाचं रे? तुझ्या बापाने माझ्या नावावर केलं. तू नुसतं भाडं गोळा करतोस." तिने काठी आपटली. "या दोघी परत तिथेच राहतील. मी माझ्या घरी जाते. आणि ती फॉइल तू लावायचीस. तुझ्या हातांनी. आजच."

"आज? जुलैच्या दुपारी? माणसं पहाटे करतात ही कामं, ममा!"

"यांना दुपारी बाहेर काढताना घड्याळ बघितलं होतंस?"

मित्रांनो, पलंगाखालून मला ओढून काढले तेव्हा मी नव्यासारखी चमकत होते.

जुन्या घरी पोहोचताच रोहेलियो पोटमाळ्यात चढला. कौले आग ओकत होती. माझी कड वस्तऱ्याच्या पात्यासारखी असते. मी त्याची बोटे कापली. त्याने मला उलटी लावली, तर खालून ऑरेलियाचा आवाज आला, "चकचकीत बाजू खाली! काढ सगळं, पुन्हा लाव." त्याने पुन्हा लावले. घाम माझ्यावर टपटपला. खाली तिघी बायका बर्फ घातलेले सरबत पीत होत्या, आणि पेल्यांचा आवाज मुद्दाम वरपर्यंत येत होता.

मग पिनांचा आवाज थांबला.

"तो बोलत का नाहीये?" नेल्डा म्हणाली.

मला दिसत होते. रोहेलियो वाशाला टेकून बसला होता. ओठ पांढरे, डोळे अर्धे मिटलेले. माझे अर्धे अंग त्याच्या मांडीवर लोंबत होते. मी उन्हाला म्हणाले, थांबू नकोस.

ऑरेलिया शिडीच्या पायथ्याशी आली आणि तिथेच उभी राहिली. हात शिडीवर, पण पाय जमिनीवर. तिच्याही मनात तेच होते जे माझ्या मनात होते, हे मी शपथेवर सांगते.

"ऑरेलिया," डोन्या चोना हळूच म्हणाली. आता तिच्या आवाजात काठी नव्हती. "माझा मुलगा आहे तो."

नेल्डाने पाण्याची बादली पुढे सरकवली. "चढ गं. उन्हाने पाय गेले की कसं होतं ते मला माहीत आहे."

ऑरेलिया चढली. त्याच्या डोक्यावर बादली रिकामी केली, त्याला काखेत धरून ओढत खाली आणले. तो शुद्धीवर आला तेव्हा कोणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. आईने फक्त सांगितले, "उरलेलं उद्या सकाळी." दुसऱ्या दिवशी तो पहाटेच आला आणि त्याने काम पुरे केले. फाटलेला कोपराही चिकटपट्टी लावून नीट जोडला.

आता नेल्डा पुन्हा ओट्याशी उभी राहते. तेवढ्यासाठी मी ऊन कितीही झेलीन.

मित्रांनो, तुमच्या छपराखाली माझी कोणी बहीण असेल तर तिच्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा. तिच्यापुढची मोकळी जागा सामानाने भरू नका. फाटली तर जोडा, फेकू नका. आणि कोणी तुमच्यासाठी राबत असेल, तर त्याला कचरा म्हणू नका. ते ऐकू येते.

रविवारी रोहेलियो आईला घेऊन येतो. वाफवलेल्या मांसाचा बार्बाकोआ आणतो, नेल्डाला आधी वाढतो, आणि नेमका माझ्याखालच्या खुर्चीत बसतो. मी अजून त्याला क्षमा केलेली नाही. पण ऊन परतवताना खाली कोण बसले आहे हे मला निवडता येत नाही. सगळी दुपार मी दात-ओठ खात त्याच्या डोक्यावर सावली धरते, आणि तो मूर्ख तिथे बसल्या बसल्या घोरतो.