गुळगुळीत कोंबड्या

रविवारी सकाळी फायवेल ओस्त्रोव हेनियाच्या केटरिंगच्या स्वयंपाकघरात शिरला आणि मोठ्या फ्रीजपुढे थबकला. आपल्यामागे कुणी उघडू नये म्हणून शुक्रवारी दुपारी त्यानेच दारावर सहीची पट्टी चिकटवली होती. पट्टी जागेवर होती, सहीही त्याचीच होती, पण एका कोपऱ्याला चुणी पडली होती. फायवेल पट्टी लावताना चुणी पडू देत नसे.

कॉलफिल्डमधल्या ज्यूंच्या निम्म्या लग्नांत हेनिया लुब्रान्स्कीच्या हातचं जेवण असे, आणि ते कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे शुद्ध, आहे की नाही हे बघणारा मशगिआख होता फायवेल. अंडी फोडून रक्ताचा ठिपका शोधायचा, पालेभाजीतले किडे बघायचे, दुधाचं भांडं मांसाजवळ येऊ द्यायचं नाही, आणि कुणावर विसंबायचं नाही. बायको पेर्ल म्हणायची, "आपल्या लग्नात माझ्यावर पडदा टाकायच्या आधी, नवरी तीच ना म्हणून, माझं तोंडसुद्धा तू दोनदा बघितलंस."

फ्रीजची एक किल्ली त्याच्याकडे असायची, दुसरी हेनियाकडे. सकाळी ती आपली किल्ली आचाऱ्याला, थानला द्यायची. हेनियावर संशय घ्यायचा तर मग विश्वास कुणावर ठेवायचा? दर शुक्रवारी तो तिच्याच घरी जेवायचा. म्हणजे राहिला थान.

"फ्रीज उघडलास?"

"तुम्ही आल्याशिवाय कधी उघडलाय?" थान कांदे चिरत होता. त्याने मान वर केली नाही.

"मग ही चुणी कशी?"

"पट्टी तुमची. मला काय विचारता?"

फायवेलने त्याची पिशवी उघडून बघितली. शर्ट, डबा, चपला. थान सुरी खाली ठेवून हाताची घडी घालून उभा राहिला.

मग फायवेलने फ्रीज उघडला. वरच्या खणातल्या कोंबड्या ठीक होत्या. खालच्या मात्र बाळाच्या गालासारख्या गुळगुळीत. कोशर कोंबडीची पिसं गरम नाही, गार पाण्यात उपटतात, म्हणून कातडीत खुंट राहतातच. इथे एक खुंट सापडेना.

"ह्या कुठून आणल्यास?"

"मी नाही आणल्या."

"मग कुणी आणल्या?"

"ते मला विचारू नका."

एवढं फायवेलला पुरलं. त्याने धर्मगुरूंना, रब्बींना फोन लावला. "आचाऱ्यानं बाहेरचा माल घुसवलाय," तो सांगत होता, तेवढ्यात दारातून हेनियाचा आवाज आला.

"फोन ठेव. त्यानं नाही, मी आणल्या."

ती स्टुलावर बसली. "काल रात्री शब्बाथची विश्रांती संपल्यावर आले, तर फ्रीजखाली पाणी. खालचा खण बंद पडलेला, कोंबड्यांना वास. सण नुकताच संपलेला, आपल्या कसायाकडे काही शिल्लक नाही, आणि आज संध्याकाळी लग्नाचं जेवण. म्हटलं, रश्श्यात कुणाला कळणार?"

"मला कळलं."

"तू तर थानला धरलंस."

फायवेलने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "मला फोन का नाही केलास?"

"तू काय सांगितलं असतंस?"

"मासे कर म्हणून."

"बघ. वरमायनं मला फाडून खाल्लं असतं."

सहीची पट्टी त्याच्यामागे उघडलेली, तेव्हा फ्रीजमधलं सगळंच मांस बाद झालं. खालच्या कोंबड्या ज्या ताटांत ठेवल्या होत्या, ती शुद्ध करायला उकळत्या पाण्यातून काढली. संध्याकाळी वऱ्हाडाने मासे आणि बटाटे खाल्ले, आणि वरमाय हेनियाशी बोलली नाही. रब्बींनी हेनियाची किल्ली काढून घेतली.

मासे साफ करणाऱ्या थानजवळ जाऊन फायवेल म्हणाला, "चुकलं माझं. पण तू बोलला का नाहीस?"

"बाईंनी स्वतः सांगावं असं वाटलं." थानने कोशर माशाची खूण असलेल्या खवल्यांसकट एक तुकडा तपासायला त्याच्यापुढे सरकवला. "उद्या माझी पिशवी बघणार?"

"बघणार."

"आणि बाईंची?"

"तिची आधी."

घरी पेर्लने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि आपण इतकी वर्षं तिच्याकडे जेवलो ते?"

"ती म्हणते, असं पहिल्यांदाच केलं."

"तुला पटलं?"

फायवेल हात धुवायला उठला आणि बराच वेळ धूत राहिला.

पुढच्या शुक्रवारी हेनियाचं बोलावणं नेहमीसारखंच आलं. नाही म्हणावं तर गावभर झालं असतं, म्हणून दोघं गेली. हेनियाने सूप वाढलं. पाहुणे खायला लागले. फायवेलने चमचा उचलला नाही.

"खा ना," ती हळूच म्हणाली.

"हेनिया, तुझ्या स्वयंपाकघरात एकदा जाऊन येऊ?"

टेबलावरचे सगळे तिच्याकडे बघू लागले. हेनियाचा चेहरा लाल झाला. मग तिने खुर्ची मागे घेतली आणि त्याला वाट करून दिली. सगळ्यांच्या देखत फायवेल उठून आत गेला.