लेबल बाहेर, लेबल आत

मी इन्सुलिनची बाटली बोलतेय. बाटली म्हणजे फार मोठी नाही, अंगठ्याएवढी. डोक्यावर रबरी बूच, पोटात दुधी औषध. जन्म थंडीत, प्रवास थंडीत, मुक्काम फ्रिजच्या दारात. त्यामुळे माझं बोलणं जरा गार वाटेल, ते मनावर घेऊ नका. थंडीत राहणाऱ्याला फारसं काही जाणवत नाही. आणि मी ज्या घरात आले तिथली माणसं माझ्यापेक्षाही बधिर झालेली होती.

कारखान्यात आम्ही हजारोंनी एका पट्ट्यावरून पुढे सरकत होतो. टोपी-मास्क घातलेली एक मुलगी भिंगातून आम्हाला बघायची, तडा नाही ना एवढंच तपासायची आणि पुढच्या बाटलीकडे वळायची. मग बर्फाच्या पिशव्या, खोकी, औषधाचं दुकान. शेजारच्या बाटल्या कुणा आजोबांकडे, कुणा आजीकडे गेल्या. मी गेले एका बोक्याकडे.

खरं सांगते, आधी मला अपमान वाटला. माणसाला लागते तीच साखर मांजरालाही लागते आणि त्याच्याही अंगात ती साचते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. करड्या रंगाचा, चौकोनी तोंडाचा बोका होता. घरात त्याला 'साहेब' म्हणत. साहेब भांडंभर पाणी पीत, पुन्हा भांड्याशी येऊन बसत, आणि खाऊनही वाळत चालले होते.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं. मला हलवायचं नाही, दोन तळहातांत धरून हळू फिरवायचं. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, आधी खाणं, मग सुई. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची आणि तिथे टोचायचं. कधीकधी सुई आरपार जाते आणि औषध केसांवरच सांडतं. तसं झालं, किंवा नुसती शंका आली, तरी पुन्हा द्यायचं नाही.

"एक वेळ चुकली तर काही होत नाही," त्या म्हणाल्या. "दोनदा गेलं तर मांजर हातचं जातं. शंका आली की द्यायचंच नाही."

समोर बसलेल्या दोघांनी मान हलवली. दोघांनी एकाच वेळी हलवली, पण एकमेकांकडे पाहिलं नाही.

ही दोघं नवरा-बायको. नवरा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा, म्हणून मी त्यांना चष्मेवाले म्हणते. बायको बस डेपोत तिकिटांच्या खिडकीवर होती, त्यांना मी बाई म्हणते. बाईंची पाळी बदलती असायची, कधी सकाळची, कधी दुपारची. चष्मेवाल्यांचंही दुकान बंद होण्याची वेळ ठरलेली नव्हती. त्यामुळे सुई कोण देणार हे रोज वेगळं असायचं. जो घरात असेल त्यानं द्यायची.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, एकमेकांना विचारायचं. तिथेच तर घोडं पेंड खात होतं. त्या घरात अबोला होता.

हे मला बाईंकडूनच कळलं. मला तळहातांत फिरवताना त्या साहेबांशी बोलायच्या. साहेब त्यांच्या मुलीचे. कॉलेजातून येताना कुठल्याशा दुकानामागच्या खोक्यांतून तिनं ते पिल्लू ओढणीत गुंडाळून आणलं होतं. पुढे मुलगी आजारी पडली. आजार मोठा निघाला आणि ती गेली. त्यानंतर एक दिवस बाई कामावर असताना चष्मेवाल्यांनी तिचं कपाट रिकामं केलं. कपडे, पुस्तकं, शिवाय तिची सायकलही, सगळं एका संस्थेच्या गाडीत भरून दिलं. त्यांना ते कपाट बघवत नव्हतं. बाई मात्र रोज कामावर जाण्याआधी ते उघडून नुसत्या उभ्या राहायच्या. त्या संध्याकाळी त्यांनी कपाट उघडलं. आत हँगर होते.

"मला विचारायचं तरी," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. तेही बोलले नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही. दोघं जेवायची, झोपायची, कामाला जायची.

अगदीच काही अडलं की साहेबांच्या आडून बोलायचं. "साहेब, ह्यांना म्हणावं दूध संपलंय." "साहेब, तिला सांगा, गॅसवाला उद्या येणार आहे." साहेब दोन्हीकडून ऐकून घेत आणि पंजा चाटत बसत. लेकी बोले सुने लागे असं म्हणतात. या घरात लेक उरली नव्हती, म्हणून बोका.

पण सुईचं काम असं आडून बोलून भागणारं नव्हतं. साहेब निरोप ऐकून घेतील, पुढे पोचवणार थोडेच? मग एक खूण आपोआप ठरली. कुणी ठरवली असं नाही. सकाळचं औषध दिलं की मला दाराच्या कप्प्यात लेबल आत करून ठेवायचं. संध्याकाळचं दिलं की लेबल बाहेर. संध्याकाळी कुणी फ्रिज उघडला आणि लेबल आत दिसलं, तर औषध अजून द्यायचंय. बाहेर दिसलं, तर झालंय. त्या घरात माणसांनी एकमेकांपासून फिरवलेली तोंडं तशीच होती. माझं तेवढं रोज दोनदा फिरायचं.

युक्ती बरी चालली. औषधाची मात्रा एका युनिटापासून सुरू झाली. मग सुट्टीच्या दिवशी घरीच तपासणी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी साहेबांचा कान ओल्या कोमट फडक्यानं शेकायचा, कडेला बारीकसं टोचायचं, आणि थेंबभर रक्त यंत्राच्या पट्टीवर घ्यायचं. साखर कुठपर्यंत खाली येते ते बघून बाई डॉक्टरीणबाईंना फोन करायच्या. मग अर्धा युनिट वाढायचा. पुन्हा थांबायचं. घाई केली की सगळं मुसळ केरात, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

त्या सुट्टीच्या दिवशी दोघंही घरी असायची. चष्मेवाले साहेबांना टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरायचे, बाई कान टोचायच्या. दोघांची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ यायची. यंत्रावर आकडा यायचा. चष्मेवाले तो मोठ्यानं वाचायचे, पण साहेबांना उद्देशून. "साहेब, तीनशे दहा." बाई लिहून घ्यायच्या. मग दोघं आपापल्या खोलीत.

दोन युनिटांवर आल्यावर साहेब सुधारले. पाणी कमी झालं, पाठीचं हाड दिसेनासं झालं, दाराशी येऊन आरडाओरडा करण्याची जुनी सवय परत आली. मला बरं वाटलं. बाटलीला बरं वाटतं का, असं विचाराल तर तळहातांत असताना वाटतं. सकाळी बाईंचे हात पाण्यानं गार असायचे. चष्मेवाल्यांचे खरखरीत, काचेच्या पुडीचा वास असलेले. तेवढाच मिनिटभर मला कुणीतरी हळू धरायचं.

मग ती संध्याकाळ आली.

चष्मेवाले त्या दिवशी लवकर आले होते. त्यांनी साहेबांना खायला घातलं, सुई दिली आणि मला लेबल बाहेर करून ठेवलं. सगळं नियमानं. मग ते आंघोळीला गेले.

बाई आल्या. हातात दुधाचा मोठा डबा होता. त्यांनी फ्रिजचं दार उघडलं आणि डबा माझ्या शेजारी रेटून बसवला. मी कलंडले, गोल फिरले आणि तिरकी अडकले. बाईंनी मला सरळ करून ठेवलं आणि मग बघितलं. लेबल आत.

मी काही करू शकत नव्हते. बूच आतून उघडत नाही.

साहेब त्यांच्या पायांत घोटाळत होते, जन्मात कुणी खायला घातलं नसावं अशा आवाजात. बाई घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "साहेब, साडेसात वाजले. आज ह्यांना वेळ झाला नाही वाटतं." न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. ते दार स्वयंपाकघराला लागूनच आहे. बाई त्या दाराकडे वळल्या. हात वर गेला, टकटक करायला. मग खाली आला. त्यांनी साहेबांच्या भांड्यात खाणं घातलं, ते साहेबांनी निम्मं खाल्लं, आणि बाईंनी मला तळहातांत घेतलं. रोजच्यासारखंच हळू फिरवलं. अति तिथे माती ही म्हण मला त्या वेळी आठवली.

शंका आली तर द्यायचं नाही. पण बाईंना शंकाच आली नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

जेवणं झाल्यावर दोघं टीव्ही बघत बसली होती. मी फ्रिजमध्ये होते, मला फक्त ऐकू येत होतं. आधी काहीतरी आपटल्याचा आवाज. मग चष्मेवाले म्हणाले, "साहेब? साहेब, काय झालं?" मग पाय घासल्याचा आवाज, फरशीवर नखं. साहेब उठायला बघत होते आणि पडत होते.

 मग दोघांचे आवाज एकदम आले.

"तू दिलंस?"

"तुम्ही दिलंत?"

इतक्या महिन्यांत ती दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलली, आणि बोलली ती ही दोन वाक्यं.

फ्रिजचं दार धाडकन उघडलं. चष्मेवाल्यांनी डॉक्टरीणबाईंना दाखवायला मला शर्टाच्या खिशात टाकलं. बाहेर बाई साहेबांचं तोंड उघडून बोटानं हिरड्यांवर मध चोळत होत्या. साहेबांचे पाय ताठ झाले होते. "गिळत नाहीये हो," बाई म्हणाल्या. "चोळत राहा," ते म्हणाले. "हिरड्यांतून जातं. चोळत राहा." गाडीत बाई मागे बसल्या होत्या आणि तेवढंच चाललं होतं. "श्वास आहे?" "आहे." "आता?" "आहे." मी खिशात होते. माझ्यापलीकडे चष्मेवाल्यांचं हृदय इतकं जोरात चाललं होतं की माझ्या पोटातलं औषध हलत होतं. मला हलवायचं नसतं. मला भीती वाटली, हे मी मान्य करते.

दवाखान्यात साहेबांच्या पायात सलाईन लागलं. साखर इतकी खाली गेली होती की यंत्रावर आकडाच येत नव्हता. बऱ्याच वेळानं पाय सैल पडले, शेपटीचं टोक हललं. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि विचारलं, कसं झालं? बाईंनी लेबलाची खूण सांगितली. डॉक्टरीणबाईंना आधी समजलंच नाही.

"घरात दोघंच असता ना तुम्ही?"

"हो."

"मग?"

 चष्मेवाल्यांनी खिशातून मला काढून टेबलावर ठेवलं, आणि दोघं माझ्याकडे बघत बसली.

साहेब वाचले. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर औषध पुन्हा एका युनिटावर आणलं, आणि तपासण्या नव्यानं सुरू झाल्या. माझी खूण मोडीत निघाली. त्याऐवजी रोज दोनदा एक प्रश्न आला. "दिलंत का?" "दिलं." किंवा उलट, "दिलंस का?" "आत्ताच." बस. त्याहून जास्त काही नाही. मुलीच्या खोलीचं दार बंदच होतं. जेवताना भांड्यांचाच आवाज यायचा. पण सकाळ-संध्याकाळ त्या घरात एक विचारायचा आणि दुसरा उत्तर द्यायचा. कधीमधी त्याला शेपूट लागायचं. "दिलंत का? खाल्लं का सगळं?" "निम्मं टाकलं."

मग साहेबांची साखर आपणहून खाली राहू लागली. एकाचा अर्धा झाला. एके दिवशी डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, काही मांजरांचं असं होतं, अंग आपलं काम परत करू लागतं. बंद करा, पण तपासत राहा.

ही चांगली बातमी होती. माझ्या जातीला याहून मोठं यश नसतं, आपली गरज संपणं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजले आणि कुणी काही विचारलं नाही. विचारायला काही नव्हतंच. तिसऱ्या दिवशीही नाही. मी दारात उभी होते, लेबल कुठं का असेना. जुना गारठा परत येतोय असं मला वाटलं, आणि फ्रिजमधल्या बाटलीला असं वाटावं म्हणजे बघा.

रविवारी चष्मेवाले फ्रिज पुसायला बसले. सुकलेली लिंबं, सॉसची रिकामी बाटली, सगळं कचऱ्याच्या डब्यात जात होतं. मग मी त्यांच्या हातात आले. त्यांनी मला उजेडात धरलं. तळाशी थोडं औषध होतं, त्याच्या गुठळ्या झाल्या होत्या. मी आता कुणाच्याच कामाची नव्हते. त्यांनी पायानं डब्याचं झाकण उघडलं आणि हात पुढे केला.

तो तसाच थांबला.

"अगं," त्यांनी हाक मारली. साहेबांना नाही. बाई आतल्या खोलीतून आल्या. "ही टाकू का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.  मला हातात घेतलं आणि सवयीनं दोन तळहातांत एकदा फिरवलं. आत काही मिसळणार नव्हतं, तरी.

"टाका," त्या म्हणाल्या. मला परत त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "सायकल तरी ठेवायला हवी होती."

"हो," ते म्हणाले. "ठेवायला हवी होती."

दोघं तिथेच फरशीवर बसली, उघड्या फ्रिजसमोर. कुणीही दार लावलं नाही. साहेब आले आणि गार हवेत मधोमध आडवे झाले. त्यांना वाटलं, सगळं आपल्यासाठीच चाललंय.

शेवटी दोघांनी मला कचऱ्यात न टाकता दवाखान्यात पोचवलं. आता मी वापरलेल्या सुयांच्या डब्यात आहे, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, जाळायला नेण्याची वाट बघत. इथे थंडी नाही. माझी काही तक्रार नाही. जाता जाता एवढंच सांगते, तुमच्या घरात कुणाचं काही टाकायचं असेल, कुणाला काही द्यायचं असेल, तर आधी विचारा. दारावर टकटक करायला उचललेला हात खाली आणू नका. माझ्यासारखीवर विसंबून राहू नका. मला तोंड आहे, पण ते कुणीही फिरवावं तिकडे फिरतं.