रक्तातल्या कोयऱ्या

महादेवप्पांनी सदतीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात काढली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी नखांतला निळा रंग काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. त्यांना मूलबाळ नव्हतं. रंगखात्याच्या दारात सापडलेलं एक पिल्लू तेवढं त्यांच्याबरोबर घरी आलं. कितीही धुतलं तरी त्याचा तांबडा रंग फिका पडत नाही, यावर खूश होऊन त्यांनी त्याचं नाव ठेवलं पक्का.

चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात पक्क्यानं खाणं सोडलं. ताप चढायचा, उतरायचा. लघवी कोऱ्या चहासारखी झाली. जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडर बाळासोनं सकाळच्या गारव्यात त्याच्या पायातून रक्त घेतलं, काचेवर थेंब पसरला आणि दुसऱ्या दिवशी खिडकीतूनच निकाल दिला.

"रक्तात काय न्हाय."

"कायच न्हाय?"

"कायच न्हाय. जावा घेऊन."

बाळासोच्या मते ही आनंदाची बातमी होती. आनंदाची बातमी समजावून सांगायची पद्धत त्या दवाखान्यात नव्हती.

महादेवप्पांनी आयुष्यभर हौद रिकामे होताना पाहिले होते. सूत रंग पिऊन घेतं, मागं नुसतं पाणी राहतं. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "रक्तात काही राहिलं नाही त्याच्या."

"मग भरा की," सावित्रम्मा म्हणाल्या.

बीट किसलं, गूळ कालवला, वर डाळिंबाचे दाणे घातले. पक्क्यानं ताटाकडं सभ्यपणे पाहिलं आणि डोळे मिटले.

"मालकावर गेलंय," सावित्रम्मा म्हणाल्या. "माझ्या हातचं बघितलं की झोप येती."

दुपारी त्याच्या शेजारीच महादेवप्पांचा डोळा लागला. पक्क्याच्या पोटात एक गल्ली होती. दोन्ही बाजूंना सुताच्या लड्या वाळत होत्या, सगळ्या पांढऱ्या. मधून पाणी वाहत होतं, आवाज न करता. पक्का पुढं चालला होता आणि पावलागणिक फिका पडत होता. शेवटी नुसतं भुंकणं उरलं. तेही पांढरं.

दचकून त्यांनी हात टाकला तर कुत्रं तव्यासारखं तापलेलं. टांगा करून ते थेट डॉक्टरांच्या टेबलापुढं उभे राहिले.

"साहेब, रक्त संपलंय याचं."

डॉक्टरांनी वही पाहिली. "संपलं कुणी सांगितलं? काही नाही म्हणजे रोगाचा जंतू दिसला नाही."

"म्हणजे रोग नाही?"

"त्या थेंबात नाही. कुत्र्यात नाही, असं कुठं म्हटलंय?"

महादेवप्पांनी बाळासोकडं पाहिलं. "एक धागा बघून अख्खी लडी पास," ते म्हणाले. "आमच्याकडं याला नोटीस मिळायची."

बाळासो कपाटात काहीतरी शोधायला लागला.

डॉक्टरांनी सांगितलं, हा गोचिडीचा ताप असावा. त्याचे जंतू ताप चढल्यावर जास्त दिसतात, तेही कानाच्या टोकाशी. त्यांनी कान टोचला, थेंब काचेवर ओढला, वाळवला आणि त्यावर जांभळा रंग ओतला.

"किती वेळ ठेवणार?" महादेवप्पांनी विचारलं.

"वीस मिनिटं."

"पाणी जड असलं तर बसायचा नाही रंग."

डॉक्टरांनी मान वर केली. "शुद्ध केलेलं आहे."

"मग असू द्या."

वीस मिनिटांनी डॉक्टरांनी त्यांनाही सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. आत उजेड होता आणि उजेडात गुलाबी चांदण्या, वेळ थांबल्यासारख्या. काही चांदण्यांच्या पोटात जांभळे थेंब होते, शेपटीला शेपूट लावून.

"कोयऱ्या आहेत," ते हळूच म्हणाले. "जोडीजोडीनं."

"तोच जंतू."

"रक्तात आहे म्हणायचं तर काहीतरी." रोग सापडल्यावर इतकं समाधान झालेला माणूस डॉक्टरांनी पाहिला नव्हता.

"औषध आहे. पण रक्त फार तुटलंय, वाचेलच असं सांगत नाही." त्यांनी सुईत निळंशार औषध भरलं. महादेवप्पांनी ते उजेडाला धरायला लावलं.

"हा तर रंग."

"रंगच. जंतूला मारतो."

दोन दिवस पक्का दारात पडून होता. डोळ्यांतलं पांढरं निळसर झालं, हिरड्या निळ्या झाल्या. "तांबडं कुत्रं न्हेलं, निळं आणलं," सावित्रम्मा येताजाता म्हणत, पण अंग तापलंय का बघायला त्याच वाकत.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना महादेवप्पा पुन्हा त्याच गल्लीत होते. लड्यांवर हलका रंग चढायला लागला होता. एवढ्यात हाताला ओलं लागलं. पक्का निळ्या जिभेनं त्यांची नखं चाटत होता.

रंगखात्यातल्या जुन्या सवयीनं, रंग सुटतो का बघायला, त्यांनी ओल्या फडक्यानं ती जीभ पुसली आणि फडकं उजेडात धरलं. डाग नव्हता.

"धरला," ते म्हणाले.

सावित्रम्मांनी ताकाची वाटी पुढं सरकवली. उरलेलं बीट त्यांनी नवऱ्याला वाढलं.