तळोद्याच्या दुकानातली चिठ्ठ्यांची तार

मित्रांनो, एका जागी शांत राहणे मला कधी जमलेच नाही. मी एक जुनी, वीतभर लांबीची लोखंडी तार आहे. तळोद्याच्या लोहाराने मला तुटक्या बादलीच्या कडीपासून बनवले. एक टोक अणकुचीदार केले, दुसऱ्या टोकाला लाकडी चकती बसवली आणि बन्सीलाल शेठांच्या दुकानात टांगले.

शेठ डोंगरातल्या लोकांकडून चारोळी आणि डिंक घेत. प्रत्येक खरेदीची चिठ्ठी लिहीत: नाव, वजन, भाव आणि विकणाऱ्याचा अंगठा. मग ती माझ्यात खोचत. घरच्या तुपाची आणि बांगड्यांची चिठ्ठीही माझ्यातच. मी सारखी डोलत असे. वहीत मात्र दिवसाच्या खरेदीचा एकच आकडा जाई.

दिवाळीला नवी वही पुजली की जुन्या चिठ्ठ्या लाल फडक्यात बांधायच्या आणि प्रकाशा गावाला जाऊन तापी नदीत सोडायच्या, अशी त्या घरची रीत. १९३८ सालीही तसेच झाले. पाचव्या दिवशी धुळ्याहून प्राप्तिकराची नोटीस आली. गेल्या सालच्या खरेदीचा पुरावा पंधरा दिवसांत दाखवा.

शेठांनी माझ्याकडे पाहिले. माझ्यात चारच चिठ्ठ्या होत्या, त्याही दिवाळीनंतरच्या.

"चिठ्ठ्या कोठे शेतस?" त्यांनी विचारले.

"तापीमा सोड्यात. तुम्हीच सांगेल व्हतं ना!" शेठांच्या पत्नी धनुबाई म्हणाल्या.

खरेदी सिद्ध झाली नाही तर सगळी विक्रीच नफा धरली जाणार होती. तेवढा कर भरायचा तर दुकान मोडावे लागले असते.

शेठ सैरभैर झाले. दार लावून त्यांनी जुन्या तारखांच्या चिठ्ठ्या लिहायला घेतल्या आणि प्रत्येकीवर स्वतःचाच अंगठा उठवला. एकेक खोटी चिठ्ठी ते माझ्यात खोचत गेले.

धनुबाईंनी एक उचलून उजेडात धरली. मग दुसरी.

"पन्नास माणसे, अन् अंगठा एकच? साहेबले डोळा नहीत का?"

"मंग मी काय करू?"

"चिठ्ठ्या वाही गयात. माणसे तं वाही नही गयात ना!"

शेठांनी खोट्या चिठ्ठ्या चुलीत घातल्या. मला पिशवीत टाकून ते त्या माणसांना गाठायला घोडीवर डोंगरातल्या मोलगीच्या बाजाराला निघाले. पिशवीत मी हिंदकळत होते. किती जण भेटतील, याचा अंदाज काही लागेना.

पहिला भेटला डिंक विकणारा खात्या. शेठांची अडचण ऐकून तो हसून म्हणाला, "शेठ, मागला भाव सांगू का आजना?"

"मागलाच सांग रे बाबा!"

दोन बाजारांत एकतीस जण भेटले. एकोणीस जण मजुरीला दूर गेले होते. भेटलेल्या प्रत्येकाचा अंगठा घेऊन शेठांनी नव्या चिठ्ठीवर गेल्या सालच्या मालाचे वजन लिहिले, पण तारीख त्या दिवसाचीच घातली.

धुळ्याच्या कचेरीत साहेबांनी मला टेबलावर आडवी ठेवली. "या चिठ्ठ्या तर परवाच्या दिसतात."

"हो साहेब. माल मागला सालना शे, चिठ्ठ्या आत्तान्या शेतस. जुन्या मी नदीमा सोड्यात."

साहेबांनी वजने विक्रीशी ताडून पाहिली. एकतीस खरेद्या मान्य झाल्या. एकोणीस खरेद्या मात्र मान्य झाल्या नाहीत, आणि वहीच्या आकड्यात मिसळलेला घरचा खर्च तर साफ वगळला गेला. तेवढ्यावरचा कर भरण्यासाठी शेठांना घोडी विकावी लागली. दुकान मात्र राहिले.

त्या संध्याकाळी धनुबाईंनी घरखर्चासाठी दुसरी तार टांगली आणि आमच्या दोघींच्या मधे जुन्या चिठ्ठ्या जपायला एक पत्र्याची पेटी ठेवली.

मित्रांनो, आता मी गंजले आहे, तरी कुणी कागद चुरगाळला की माझे टोक शिवशिवते. तुमच्या घरी कुणी धंदा करत असेल तर त्यांना एवढे सांगा: घरचा आणि दुकानाचा कागद वेगळा ठेवा, त्यावर त्याच दिवशी खरी तारीख घाला आणि वर्ष सरले म्हणून तो टाकू नका. बन्सीलाल शेठ पुढे दोन वर्षे मोलगीला पायी गेले, आणि दर वेळी त्या एकोणीस जणांची नावे पुटपुटत गेले.