चाळीस वर्षांची डबी

विभा मॅडम तपासणीला येणार म्हणून शिवशंकरप्पांच्या कारखान्यात सकाळपासून नुसती धांदल उडाली होती. कारखाना म्हणजे काय, गुलबर्ग्याबाहेर आळंद रस्त्याला पत्र्याचं एक लांबडं शेड, दोन लेथ, आणि मागच्या खोलीत बाकावर बसून डब्या जोडणाऱ्या चौदा बाया. पण त्या डब्या साध्या नव्हत्या बरं का! लांब समुद्राकडच्या एका अणुवीज केंद्रात जायच्या त्या. पंज्याएवढी पोलादी डबी, आत तारांचे जोड, वर झाकण आणि झाकणाखाली काळं रबरी कडं. उद्या तिथे एखादा नळ फुटला, खोलीभर तापलेली वाफ कोंडली, तरी डबीत वाफेचा थेंब शिरता कामा नये. झडप बंद झाली की उघडीच राहिली, हे बाहेर बसलेल्या माणसांना त्या तारांतूनच कळायचं. तार भिजली की माणसं आंधळी झाली म्हणून समजा.

निंबर्ग्याहून रोज बसने येणारी मल्लेश्वरी ही त्या चौदा जणींची मुख्य. हात असा चपळ, की पूर्वी आठ व्हायच्या तेवढ्या वेळात आता हिच्या चौदा डब्या तयार. बसवजयंतीला अप्पांनी, म्हणजे शिवशंकरप्पांनी, सगळ्यांसमोर तिला शाल घातली, नारळ दिला. तेव्हापासून बाईची मान जरा ताठच असायची, खोटं कशाला बोला.

विभा मॅडम गुलबर्ग्याच्याच, रामाचार्य मास्तरांची मुलगी. केंद्राकडून माल तपासायचं काम त्यांचं. मागच्या भाद्रपदात आल्या होत्या तेव्हा उकाड्याने बोट सुजून त्यांची अंगठी अडकून बसली होती. साबण झाला, दोरा झाला, काही केल्या निघेना. मल्लेश्वरीने बाकावरच्या बाटलीतलं करडईचं तेल दोन थेंब लावलं आणि अंगठी अलगद काढून हातात दिली. त्या दिवसापासून मॅडम तिला अक्का म्हणायला लागल्या.

"बाक लखलखीत दिसाय पायजे!" अप्पा ओरडून गेले, तशी मल्लेश्वरीच्या शेजारी बसणाऱ्या निलम्माने ती तेलाची बाटली उचलून भिंतीतल्या देवळीत, बसवण्णांच्या फोटोमागे ठेवून दिली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मल्लेश्वरीलाही नाही.

मॅडम आल्या, चहा झाला, जाडजूड फाइल उघडली.

"अक्का, दोन वर्षांपूर्वी तुम्ही सहा डब्या जोडून दिल्या होत्या, आठवतंय? त्यांचं काय काय केलं, ठाऊक आहे?"

"न्हाई बा. गेल्या तिकडं."

"आठवडेच्या आठवडे भट्टीत भाजल्या. चाळीस वर्षांचं म्हातारपण त्यांच्या अंगावर यावं म्हणून. मग किरणांचा मारा केला. मग भूकंपात हलावं तसं गदागदा हलवलं. आणि शेवटी वाफेत कोंडलं. सहाच्या सहा पास! तुमच्या हातच्या."

मल्लेश्वरी लाजली. निलम्माने तिला कोपराने ढोसलं.

"पण पास झाल्या त्या सहा," मॅडम पुढे म्हणाल्या. "बाकीच्या आपण थोड्याच भाजून बघतो? त्या सहांसारख्याच तंतोतंत केल्यात, एवढ्याच विश्वासावर बसवतो. तसूभर बदल झाला की ती डबी वेगळी. तिच्याबद्दल मग कुणालाच काही माहीत नाही." त्यांनी फाइलमधल्या ओळीवर बोट ठेवून वाचलं, "कड्याला पांढरं ग्रीस, मुगाएवढं. दुसरं काहीही लावायचं नाही."

मल्लेश्वरीची नजर देवळीतल्या फोटोकडे गेली.

झालं होतं ते असं. मागच्या श्रावणात ग्रीसच्या नळ्या संपल्या. अप्पा म्हणाले येतील, येतील, आणि काम तर अंगावर आलेलं. कोरडं कडं खाचेत बसेना, नखं तुटायला लागली. तेव्हा मल्लेश्वरी म्हणाली, "अगं, कुकरचं रबर बसंना तर काय करतो आपण? तेलाचं बोट!" घरून करडईच्या तेलाची बाटली आणली. बोट फिरवलं की कडं सुळकन् आत. पंधरा दिवसांनी नळ्या आल्या, पण हाताला तेलाची सवय लागली होती. ग्रीस चिकट, वेळखाऊ. नळ्या कपाटात पडून राहिल्या. आठाच्या चौदा झाल्या त्या ह्या तेलामुळे, आणि ती शाल, तो नारळ, तेही ह्या तेलाचंच.

"अक्का, एक डबी जोडून दाखवा की माझ्यासमोर," मॅडम म्हणाल्या.

मल्लेश्वरीने कपाटातून नळी काढली. नळीवर धूळ होती. तिने ती पदराआड पुसली, बूच दाताने तोडलं, मुगाएवढं ग्रीस घेतलं. पण हात कुठले ऐकायला! अन् मॅडमचे डोळे बोटांवर. कडं एकीकडे बसवावं तर दुसरीकडून उठायचं, पीळ पडायचा. कपाळावरचा घाम विभूतीवरून ओघळून डोळ्यांत गेला. एका डबीला पाऊण तास लागला.

"घाई नको. मी समोर बसले म्हणून घाबरलात," मॅडम मायेने म्हणाल्या.

ते मायेचं बोलणं मल्लेश्वरीला चाबकापेक्षा लागलं. डबीत ठेवायच्या कार्डावर तिने सही केली, खाली मॅडमनी आपली केली. प्रत्येक डबीत असं कार्ड असायचं, वर जोडणारीची सही आणि खाली तपासणारीची.

जेवायला मॅडम बायांतच बसल्या. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर करडईच्या तेलाची धार. मल्लेश्वरीची नजर समोरच्या चटणीच्या कढईवर गेली. कढईच्या काठाला वर्षानुवर्षांचं तेल जळून चिकटलेलं, तांबूस, डिंकासारखं कडक. किती घासलं तरी ते निघत नाही, हे तिच्यापेक्षा कुणाला जास्त माहीत? भट्टीत, वाफेत, चाळीस वर्षं. तिने ताट बाजूला सारलं.

"मॅडम, सहज इचारते हां. समजा, पास झालेल्या डबीत एक, आन् हितं दुसरंच काय तर लावलं, तर काय व्हतंय?"

"कदाचित काहीच नाही. कदाचित ऐन वेळी डबी पाणी पिते आणि बाहेर खोटंच दिसतं, झडप बंद आहे म्हणून." मॅडमनी भाकरीचा तुकडा मोडला. "मला वाईटाची भीती नाही हो अक्का, वाईटाचा बंदोबस्त करता येतो. माहीतच नसणं, त्याची भीती. माझा धाकटा भाऊ, संकर्षण, तिथेच पाळीवर असतो. दुरुस्तीसाठी बंद होतं ते केंद्र, सोमवारी सुरू करणार आहेत. दिवाळीनंतर गेलेल्या तुमच्या अडतीस डब्या बसल्यात, तो जातो त्याच वाफेच्या खोलीत."

अडतीस! सगळ्या श्रावणानंतरच्या. मल्लेश्वरी ताटावरून उठली.

हात धुवायच्या निमित्ताने गुरुबाईने तिला नळाकडे ओढलं. गुरुबाई वयाने सगळ्यांत मोठी आणि जिभेने सगळ्यांत तिखट.

"कामून थरथरायलीस? त्वांड बंद ठेव. फाइलीवर सही करतील, जातील. चौदा घरच्या चुली हायत हितं, एकट्या तुझी न्हाई."

"गुरुबाय, तिथं माणसं हायत गं."

"हितं काय मेंढरं हायत? तूच आणलीस बाटली, आमी मागितली नव्हती! आता धर्मराज बनून आमाला रस्त्यावर आणायलीस व्हय?"

काय चुकीचं बोलली गुरुबाई? काहीच नाही. निलम्माचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तिचं घर ह्याच बाकावर चालत होतं. आणि अप्पा! ज्यांनी चारचौघांत शाल घातली, त्यांच्याच पोटावर पाय द्यायचा? मल्लेश्वरी नळाखाली हात धरून उभी राहिली. साबण लावला, धुतले, पुन्हा लावला. बोटांचा तेलकट वास काही जाईना, किंवा तिलाच तसं वाटत होतं. शिवा, बसवा, तिने मनातल्या मनात म्हटलं, ह्या बाईला आज सही न करताच जाऊ दे, काही तरी निमित्त होऊ दे, लाइट जाऊ दे. तसलं काही होत नसतं. आतून अप्पांचा हसण्याचा आवाज आला, आणि मॅडम विचारत होत्या, "पेन आहे का हो कुणाकडे?"

मल्लेश्वरी आत गेली ती थेट देवळीकडे. फोटोमागून बाटली काढली आणि मॅडमच्या उघड्या फाइलवर नेऊन ठेवली. तळाचा तेलकट गोल कागदावर उमटला.

"मॅडम, आमी हे लावायलाव. श्रावणापासनं. सगळ्या डब्यांना."

अप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विझलं. "मल्लेश्वरी! काय बोलायलीस, कळायलंय का तुला?"

"कळायलंय अप्पा. सकाळी कळलं. त्याच्या आदी न्हाई कळलं, बसवण्णाची आन." तिला रडू फुटलं, पण ती थांबली नाही. "मीच आणलं, मीच पोरींना शिकवलं. तुमची शाल बी त्याचीच हाय. ह्यांचा काय दोष न्हाई. मला काय करायचं ते करा, पर ते सोमवारचं थांबवा."

तिला वाटलं, आता मॅडम कडाडतील, पोलिसांचं नाव काढतील. मान खाली घालून ती उभी राहिली. तिने हळूच वर पाहिलं, तर मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या बाटलीकडे बघत होत्या आणि अंगठा नकळत आपल्या बोटातल्या अंगठीवर फिरत होता.

"ही तीच बाटली," मॅडम अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "भाद्रपदात ह्याच बाकावर होती. तुम्ही माझी अंगठी काढलीत आणि मी हसले. डबी जोडायच्या बाकावर तेलाची बाटली कशाला, एवढं विचारायचं काम होतं माझं. तेवढ्यासाठीच तर पाठवतात मला. आणि नाही विचारलं मी."

"मॅडम, तुमाला काय ठावं..."

"अडतीस कार्डांवर तुमच्या सह्यांखाली माझ्या सह्या आहेत, अक्का."

त्यांनी फोन काढला. नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. पलीकडच्या साहेबांना त्यांनी आधी आपलं नाव सांगितलं, मग आपली चूक, मग तेल. सोमवारची सुरुवात थांबवा, अडतीसच्या अडतीस डब्या उघडा, असं त्या सांगत होत्या. पलीकडून जोरजोरात बोलणं ऐकू येत होतं. मॅडम भिंतीला टेकून "हो सर, हो सर, लेखी देते" म्हणत राहिल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी मल्लेश्वरीला विचारलं, "भीती वाटतीय?"

"व्हय."

"मलाही."

सही न होताच फाइल बंद झाली. अप्पांनी मागच्या खोलीला कुलूप घातलं.

पुढचे दोन दिवस बाया यायच्या आणि गोदामातल्या तयार डब्या उघडून वेगळ्या करायच्या. मल्लेश्वरीशी कुणी बोलेना. निलम्मासुद्धा मान वळवायची. बहुतेकींची बसही तीच, पण तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. उभं राहू, पण हिच्याजवळ नको. रात्री डोळा लागला की तिला खोली दिसायची, वाफेने भरलेली, आणि आत कुणीतरी पोरगा ओरडत असायचा. तो संकर्षण असणार, हे तिला न बघताच कळायचं. आपण उगीच तर नाही ना केलं हे सगळं, हाही विचार छळायचा. डब्या चांगल्या निघाल्या तर? चौदा घरं मग कशासाठी बुडवली आपण? आणि वाईट निघाल्या तर, त्या विचाराने तर ती उठूनच बसायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बस निंबर्ग्याच्या वाटेला लागली आणि तिचा फोन वाजला. मॅडम होत्या. बस खडखडत होती, म्हणून मल्लेश्वरीने फोनचा आवाज मोठा केला. सगळ्यांच्या माना आपोआप तिकडे वळल्या.

"अक्का, सगळ्या उघडल्या. छत्तीस ठीक दिसतात, त्याही बदलणार. पण दोन डब्यांत पाणी होतं. कडं फुगून खाचेतून वर आलं होतं. आणि वाफ अजून आलेलीच नव्हती हो, नुसती तिथली दमट हवा. संकर्षणने स्वतः उघडल्या. कार्डं भिजली होती, पण सह्या वाचता आल्या."

पुढचं एक वाक्य खडखडाटात फक्त मल्लेश्वरीला ऐकू आलं, आणि फोन बंद झाला. मग मागच्या बाकावरून गुरुबाई उठली, दांड्याला धरत, झोकांड्या खात पुढे आली आणि मल्लेश्वरीच्या शेजारी धपकन बसली. ती खिडकीबाहेरच्या तुरीकडे बघत होती.

"सह्या कुणाच्या व्हत्या गं?" तिने विचारलं.

मल्लेश्वरीने विचारलेलं नव्हतं, मॅडमनीच सांगून टाकलं होतं. तेच ते शेवटचं वाक्य. ते पोटात ठेवावं असं तिला क्षणभर वाटलं. पण आता तिला काहीच पोटात ठेवायची भीती वाटत होती.

"एकीवर माझी," ती म्हणाली. "आन् एकीवर तुझी."

गुरुबाईने आपले दोन्ही हात पदराला पुसले, उलटे करून बघितले, परत पुसले. मग मल्लेश्वरीचा हात घट्ट धरला आणि निंबर्गा येईपर्यंत सोडला नाही.