पाण्याखालची विहीर

धरणात खरं पाणी किती मावतं, हे तळातला गाळ मोजल्याशिवाय कळत नाही. पप्पांनी नोकरीभर तेच काम केलं. त्यांचं गावही याच पाण्याखाली गेलेलं. होडीतून वजनाची दोरी सोडताना ते हमखास गावच्या विहिरीवर थांबत आणि खोली भलतीच भरे.

"एलिया, परत विहीर मोजलीस?" साहेब पप्पांवर ओरडत.

"पानी तर तिच्यातबी हाय की, साहेब."

पप्पा गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात नवी मोजणी निघाली. मला ती विहीर एकदा बघायची होती, म्हणून विनंती करून मी होडीत बसले. आता दोरी नव्हती. यंत्र पाण्यात आवाज सोडी आणि पडद्यावर तळाची रेघ उमटे. टेकडी आणि काठावरच्या दर्ग्याचा घुमट एका रेषेत आले की खाली विहीर, हे पप्पांनी मला लहानपणीच दाखवलं होतं. तिथं मी थांबायला सांगितलं.

रेघ सरळच राहिली.

"सपाट गाळ आहे, ताई," संस्कृती, मोजणीची तरुण इंजिनिअर, म्हणाली. "काय होतं इथं?"

"आमची विहीर."

तिनं होडी वळवून पुन्हा तिथूनच नेली. रेघ तशीच.

"गाळच धरा," मी म्हणाले. पप्पा असते तर तिच्याशी हुज्जत घालत बसले असते.