दादा नावाचा ढीग

मित्रांनो, मी आता थंड आहे. माझ्या मुठीला सुतळीने पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधला आहे आणि त्यावर ‘मुद्देमाल’ असे लिहिले आहे. न्यायालयामागच्या या खोलीत एकच झरोका आहे. दुपारी त्यातून ऊन येते आणि त्या उन्हात धूळ संथपणे तरंगत राहते. बघता बघता माझा डोळा लागतो. मग मला वाटते ती धूळ नाहीच, वाफ आहे, आणि मी परत दुकानात आहे. मी कोळशाची एक जुनी इस्त्री आहे. माझ्या हातून, की माझ्यामुळे, एक माणूस गेला. नेमके काय म्हणायचे यावरच सगळा खटला चालला होता.

मला ओतले तेव्हाचे फारसे आठवत नाही. खूप उकाडा होता आणि कुणीतरी म्हणाले होते, “हिचं नाक झकास उतरलंय.” त्या नाकाचा तोरा मला अजून आहे. कॉलरच्या कोपऱ्यात शिरावे तर माझ्याच नाकाने.

मी आले ती दोन भावांच्या दुकानात. थोरला गल्ल्यापाशी बसून कपडे घ्यायचा, घड्या घालायचा, गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंगवायचा. धाकटा माझ्या पोटात निखारे भरायचा आणि दिवसभर माझ्याबरोबर चालायचा. ओलसर सुती कापडावरून फिरताना मला पाण्यावरून तरंगल्यासारखे वाटे. मागे राहिलेली वाट सपाट आणि ऊबदार असायची. थांबायचे झाले की तो मला लोखंडी तिवईवर ठेवायचा. आधी तिवई, मग घाम पुसणे, मग पाणी, मग बोलणे. हा क्रम कधी चुकला नाही.

दुकानाच्या कोपऱ्यात न इस्त्री केलेल्या कपड्यांचा ढीग असे. कितीही उपसला तरी तेवढाच. एकदा सकाळी वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, नेहमीसारखी डबा घेऊन आली आणि ढिगाकडे बघून हसत सुटली. म्हणाली, “अगदी यांच्यासारखा आहे. कोपऱ्यात फतकल मारून बसलाय, जागचा हलत नाही.” थोरला पोट धरून हसला. त्या दिवसापासून ढिगाचे नाव दादा पडले. रोज सकाळी धाकटा बाह्या सरसावून त्याला दम द्यायचा, “दादा, आज तुला संपवल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही.” आणि खरा दादा गल्ल्यावरून म्हणायचा, “बघू या.”

ते घडले त्या दिवशीही धाकटा ढिगाला हेच म्हणाला. फरक इतकाच की दोघा भावांत आदल्या संध्याकाळपासून अबोला होता, त्यामुळे गल्ल्यावरून उत्तर आले नाही. भिंतीपलीकडे घड्याळदुरुस्तीच्या दुकानात घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांना ते वाक्य स्पष्ट ऐकू आले.

दुपारपर्यंत धाकट्याने खरोखरच ढीग संपवला. कोपऱ्यातली फरशी दिसू लागली. शेवटची पांढरी चादर माझ्याखाली होती आणि तो उपाशी होता. तेवढ्यात थोरला बाहेरून नवे गाठोडे घेऊन आला आणि तयार कपड्यांच्या थप्पीवरच त्याने ते आदळले. थप्पी कलंडून पाण्याच्या बादलीत गेली. थोरल्याला बहुधा अबोला मोडायचा होता. तो हसला, लहानपणी मारायचा तशी धाकट्याच्या डोक्यात टपली मारली आणि म्हणाला, “दादा कधी संपतो का रे?”

मी तिवईवर नव्हते, मित्रांनो. मी हातात होते. हात वर गेला आणि त्याच्याबरोबर मीही गेले.

थोरला पडला. धाकट्याने मला टाकून दिले, त्याच्या डोक्याखाली तळहात घातला आणि तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, “दादा, ऊठ ना.” चादर तशीच अर्धी सरळ, अर्धी चुरगळलेली राहिली. स्वप्नात मी ती पुरी करायला जाते आणि प्रत्येक वेळी तिथेच जागी होते.

खटल्यात मला टेबलावर ठेवले. तिथे मी दोन शब्द ऐकले. पहिला खून. जीव घ्यायचाच असे मनात धरून मारले तर खून. दुसरा सदोष मनुष्यवध. मनात तसे काही नसताना अचानक माथे भडकले आणि त्या भरात जीव गेला, तर तो शब्द. मला वाटले होते की दुसऱ्या शब्दात माणूस सुटत असेल. पण त्यातही ‘सदोष’ आहेच. दोष आहे, फक्त त्याचे माप वेगळे. एका शब्दात सारा जन्म तुरुंगात गेला असता, दुसऱ्यात काही वर्षे.

घड्याळजींनी ऐकलेले वाक्य जसेच्या तसे सांगितले. खोटे काहीच नव्हते. सरकारी वकील म्हणाले, “सकाळी बोलून दाखवलं, दुपारी करून दाखवलं.” धाकट्याने खाली घातलेली मान वर केली नाही. ढिगाची गोष्ट त्याने सांगून पाहिली होती, पण आरोपीच्या तोंडची असली गोष्ट कोण खरी मानणार?

मग वहिनी उभी राहिली. सरकारी वकिलांनी विचारले, “तुमच्या दिराने ‘दादा, तुला संपवतो’ असं म्हटलेलं तुम्ही कधी ऐकलं होतं?”

तिने नुसते हो म्हटले असते तरी खून ठरायला पुरले असते. आणि हो हे खरेच होते.

“रोज ऐकायचे,” ती म्हणाली. “भाऊजी ढिगाला म्हणायचे. ढिगाला आम्ही दादा म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं. हे पण हसायचे.”

“बाई, गेला तो तुमचा नवरा आहे. विचार करून बोला.”

“विचारच करतेय इतके दिवस. मी भाऊजींना माफ केलेलं नाही, साहेब. करेन असंही वाटत नाही. पण जे केलंय तेवढं पुरे आहे की. न केलेलं कशाला त्यांच्या माथी मारू?”

धाकटा तेव्हा पहिल्यांदा रडला. निकालात दुसरा शब्द आला.

पुढे एकदा वहिनी या खोलीत आली. वस्तू परत न्यायची मुभा मिळाली होती. तिने मला एका हाताने उचलायला घेतले, जमले नाही, म्हणून दुसरा हात लावला. इतकी वर्षे ती डबा आणायची, पण मला तिने कधी उचलले नव्हते. “बाई गं, एवढी जड आहे ही,” ती स्वतःशीच म्हणाली. मला वाटले, आता पुन्हा निखारे, पुन्हा वाफ. पण तिने मला हळूच खाली ठेवले आणि कारकुनाला सांगितले, “राहू दे इथंच. भाऊजी सुटून आले की त्यांच्या हातात द्या. त्या दिवशी न ठरवता उचलली. आता उचलायची की नाही, ते ठरवू दे त्यांना.”

तेव्हापासून मी वाट पाहते आहे. तो येईल की नाही, मला माहीत नाही. पोटात राख आहे आणि नाकावर गंज चढू लागला आहे.

मित्रांनो, राग तुम्हालाही येईल. भावाचा तर हमखास येईल. येऊ द्या. भांडा, अबोला धरा, मग तो मोडा. फक्त त्याआधी हातात जे काही असेल ते खाली ठेवा. आम्हा वस्तूंना थांबता येत नाही. हात जिकडे नेतो तिकडे आम्ही जातो.